उल्लेखांच्या वहीत न मावलेले वेंकटरामन

(फर्दापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



फर्दापूरच्या फाट्यावर रोज शेकडो प्रवासी आपली वाहने उभी करून एस.टी.च्या बसने चार किलोमीटरवरच्या लेण्यांकडे जातात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिले की त्यांतील अनेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : हे चित्र कोणी काढले? त्याला उत्तर नाही. गेरू कोणता, हिरवी माती कोणती, काजळी कशाची, निळा लाजवर्द बदख्शानातून कसा आला, हे सारे अभ्यासकांनी शोधून काढले. पण कुंचला धरणाऱ्या हाताचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

आजचा विषय याच्या अगदी उलट टोकाचा आहे. आधुनिक शास्त्रज्ञाच्या प्रत्येक लिखाणावर त्याचे नाव असते आणि त्या लिखाणाचा पुढे कोणी कोठे उल्लेख केला, याची पै-पैशाप्रमाणे मोजदाद ठेवली जाते. या मोजदादीवर आज प्राध्यापकांच्या बढत्या ठरतात, विद्यापीठांची क्रमवारी ठरते, संशोधनाला पैसा मिळतो किंवा नाकारला जातो. ज्यांच्या घरातील मुलगा वा मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करीत आहे, त्यांनी ‘इम्पॅक्ट’, ‘सायटेशन’, ‘एच-इंडेक्स’ हे शब्द जेवताना ऐकले असतील. ही मोजणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे एका थोर सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या उदाहरणावरून पाहायचे आहे. त्यांचे नाव कृष्णस्वामी वेंकटरामन. जन्म १९०१ चा, मद्रासचा. पण कर्मभूमी महाराष्ट्र. आयुष्याची उत्तरार्धातील चार दशकांहून अधिक वर्षे त्यांनी मुंबई आणि पुण्यात घालविली.

प्रथम या मोजणीविषयी थोडे. शोधनिबंध लिहिताना आधी कोणी काय केले याचा हवाला द्यावा लागतो. असा प्रत्येक हवाला म्हणजे एक संदर्भोल्लेख. या उल्लेखांची सूची करावी ही कल्पना यूजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांची. मूळचे शिक्षण रसायनशास्त्राचेच. त्यांना ही युक्ती सुचली ती वकिलांच्या पुस्तकावरून. जुन्या निवाड्याचा पुढे कोणत्या न्यायालयाने आधार घेतला, हे सांगणारी ‘शेपर्ड’ची सूची अमेरिकेतील वकील वापरीत असत. तशीच सूची विज्ञानासाठी असावी असे गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडले आणि १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आणले. हेतू साधा होता : एखाद्या निबंधाची पुढची वंशावळ सापडावी. माणसांना गुण देणे हे काम त्या सूचीवर नंतर येऊन पडले. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक काढला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख मिळाले, त्याचा निर्देशांक २०. एवढे सोपे गणित असल्यामुळे ते कार्यालयांना फार आवडले.

हे पाश्चात्त्यांचे थोतांड आहे, असे म्हणून हात झटकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते बरोबर नाही. ज्याच्या कामाची जगात कोणीच दखल घेत नाही, त्याने त्याचे कारण शोधलेच पाहिजे. उल्लेखांची संख्या शून्य असणे हे प्रतिभेचे लक्षण मानता येत नाही. मोजणी काही सांगते, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

आता वेंकटरामन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेऊन हा तरुण मँचेस्टरला गेला आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकला. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषय होता वनस्पतींतील रंगद्रव्यांचा, विशेषतः फ्लॅव्होन कुळातील पिवळ्या द्रव्यांचा. कांद्याच्या सालीचा पिवळेपणा किंवा झेंडूच्या पाकळीतील रंगाचा काही भाग याच कुळाच्या आप्तांचा. प्रयोगशाळेत फ्लॅव्होन बनविण्याच्या ज्या पद्धती तेव्हा होत्या, त्यांत रॉबिन्सन यांची स्वतःची एक होती. तिला बराच ताप द्यावा लागे.

भारतात परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात शिकवू लागले. १९३० च्या सुमारास लाहोरच्या एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्राचे संशोधन म्हणजे काय याची कल्पना करावी. उपकरणे तुटपुंजी, रसायने बोटीने येणार, ग्रंथालयात नियतकालिके महिन्यांनी पोहोचणार. तेथे त्यांनी आपला विद्यार्थी एच. एस. महल याच्याबरोबर एक नवी वाट शोधली. गुरूच्या पद्धतीला जेथे भट्टीसारखा ताप लागे, तेथे या शिष्याने फ्लॅव्होन बनविले ते खोलीच्या साध्या तापमानाला.

ही क्रिया सामान्य माणसालाही समजेल अशी आहे. एका रेणूमध्ये शेजारी शेजारी दोन फांद्या आहेत असे समजावे. एका फांदीच्या टोकाला ऑक्सिजन आहे व त्यावर ‘ॲसिल’ नावाचा अणुगट बसलेला आहे. शेजारची फांदी कार्बनची. योग्य अल्क मिळाले की तो गट ऑक्सिजनवरून उठतो आणि शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. बाहेरून काही आणावे लागत नाही. एकाच झाडाच्या एका फांदीवरचे कलम दुसऱ्या फांदीवर जावे तसे. त्यानंतर आम्लाचा स्पर्श झाला की कडे पूर्ण होते आणि फ्लॅव्होन तयार होते. वेंकटरामन व महल यांनी त्यासाठी सोडामाइड वापरले.

हा शोध प्रथम कोठे छापला? १९३३ मध्ये, बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये, एका छोट्या टिपणाच्या रूपात. ‘करंट सायन्स’ तेव्हा अवघे वर्षाचे पोर होते. सविस्तर निबंध १९३४ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. दरम्यान १९३३ मध्येच विल्सन बेकर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे तीच क्रिया प्रसिद्ध केली होती. म्हणून जगभर ती ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या जोडनावाने ओळखली जाते. बेकर पुढे १०२ वर्षे जगले आणि २००२ मध्ये वारले. वेंकटरामन १९८१ मध्येच गेले होते. नाव वाटून घेण्यावरून कोणताही तंटा झाला नाही, हे सांगावेसे वाटते, कारण विज्ञानात अशा तंट्यांची वाण नाही.

मोजणीची गंमत येथून सुरू होते. एखादी क्रिया पाठ्यपुस्तकात नावासह शिरली की पुढचे संशोधक तिचे नाव लिहितात, मूळ निबंधाचा हवाला देत नाहीत. न्यूटनचे नियम वापरताना न्यूटनचा ग्रंथ कोण उद्धृत करतो? विज्ञानाचे समाजशास्त्र मांडणारे रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट नेमकी हेरली होती : शोध इतका मुरतो की शोधकाचा उल्लेखच पुसला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागातूनही फ्लॅव्होनच्या सख्ख्या शेजारी असलेल्या क्रोमोन कुळावर पुष्कळ निबंध निघाले आहेत. तेथील विद्यार्थी प्रयोगवहीत ‘बेकर-वेंकटरामन’ एवढेच लिहितो आणि पुढे जातो. लाहोरच्या त्या निबंधाच्या खात्यात काही जमा होत नाही.

याच्या उलट उदाहरणही पाहावे. जगात सर्वाधिक उल्लेख मिळालेला निबंध आइन्स्टाइनचा नाही. तो आहे ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा, १९५१ चा, द्रावणातील प्रथिन मोजण्याच्या एका पद्धतीवरचा. २०१४ मध्ये त्याची उल्लेखसंख्या तीन लाखांच्या वर होती. हा काही आपला थोर निबंध नव्हे, हे लॉरी यांनी स्वतः मान्य केले होते. ज्याला प्रथिन मोजायचे त्याला हवाला द्यावाच लागे, म्हणून आकडा वाढला. पद्धत अतिशय उपयोगी, यात शंका नाही. पण उपयोग आणि थोरवी यांचा ताळमेळ आकड्याने लागत नाही.

१९३४ मध्ये वेंकटरामन मुंबईला आले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे ज्याला सारे यू.डी.सी.टी. म्हणत आणि ज्याची आता माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झाली आहे, तो नुकताच १९३३ मध्ये सुरू झाला होता. १९३८ मध्ये ते त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. गिरण्यांच्या शहरात त्यांनी अभ्यासाला घेतला तो विषय रंगांचा.

रंग हा आपल्या देशाच्या दृष्टीने किती जिव्हाळ्याचा आणि किती जिव्हारी लागलेला विषय आहे, हे येथे आठवावे. नीळ ही जगाला हिंदुस्थानने दिली. जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत बनविली, १८९७ मध्ये बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि काही वर्षांतच येथील निळीची शेती बसली. १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह ज्या शेतकऱ्यांसाठी झाला, त्यांच्या दुःखाच्या मुळाशी गोऱ्या मळेवाल्यांचा जुलूम होता आणि त्या जुलमाला धार चढविणारी ही रासायनिक स्पर्धाही होती. पुढे अर्धे शतक आपल्या गिरण्यांतील कापड रंगले ते बहुतांशी परदेशी रंगांनी. जर्मन कारखान्यांची कृती ही कडीकुलपातली गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तपासपथकांनी जर्मन कारखान्यांतील कागदपत्रे तपासली आणि त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. हजारो पानांचा तो ढीग कोणालाही उपलब्ध होता. तो वाचून त्याचे शास्त्र करणारा माणूस हवा होता. ते काम मुंबईत बसून वेंकटरामन यांनी केले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲकॅडेमिक प्रेसने त्यांच्या ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या ग्रंथाचे पहिले दोन खंड काढले. रशियनमध्ये त्यांचे भाषांतर झाले. पुढे त्यांच्या संपादनाखाली ही मालिका १९७८ पर्यंत आठ खंडांची झाली. रंगरसायनाच्या अभ्यासकाच्या मेजावर हे खंड असणे ही जगभर गृहीत धरलेली बाब होती. नव्या स्वतंत्र देशात रंगांचे कारखाने उभे राहत होते, त्याच १९५२ साली गुजरातेत अतुलचे उद्घाटन झाले, आणि मुंबईच्या या विभागातून शिकलेली मुले अशा कारखान्यांत जात होती. कारखान्यातला अभियंता ग्रंथ उघडतो, कृती जुळवितो, पिंपे भरतो. तो शोधनिबंध लिहीत नाही. त्याच्या हातून एकही उल्लेख नोंदला जात नाही, पण गावच्या बाजारातल्या लुगड्याला रंग चढतो.

१९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. आधीचे दोघे परदेशी होते. त्यांतील जॉर्ज फिंच हे तर १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील गिर्यारोहक. १९६१ मध्ये वेंकटरामन यांना पद्मभूषण मिळाले. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सुटली नाही.

पुण्यातील त्यांच्या कामांपैकी एकाचा धागा फर्दापूरकरांना जवळचा वाटेल. लाखेचा किडा झाडाच्या फांदीवर जी लाख करतो, तिच्यात दोन वस्तू असतात : एक राळ, तिचेच चपडे बनते, आणि दुसरा तांबडा रंग. त्या तांबड्या रंगातील लॅकाइक आम्लांची रचना वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पुण्यात उलगडली. प्राचीन काळापासून या देशात रेशीम आणि लोकर रंगविणारी वस्तू. तिचा रेणू कसा आहे हे कळायला इतका काळ लागला.

आणि राळेचे काय? ती अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटविले, हे मोठेच काम केले. पण चित्रांवर चपड्याचा लेपही दिला. काळाच्या ओघात तो पिवळा पडला, काळवंडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि चित्रांचे मूळ रंग त्याखाली झाकले गेले. नंतर पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप योग्य द्रावके वापरून इंच-इंच उतरवावा लागला. लेप देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सेंद्रिय पदार्थ वर्षानुवर्षे हवेत आणि उजेडात कसा बदलतो, याचे ज्ञान अपुरे पडले. हे पाहिलेला मनुष्य सेंद्रिय रसायनशास्त्राला निरुपयोगी पांडित्य म्हणणार नाही.

शास्त्रज्ञाच्या खात्यात आणखी एक नोंद कधीच होत नाही, ती म्हणजे शिष्य. वेंकटरामन यांच्या तीन शिष्यांची नावे घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

पहिले बाळ दत्तात्रेय टिळक. विदर्भातील कारंज्यात १९१८ मध्ये जन्म. मुंबईत वेंकटरामन यांच्याकडे आणि मग ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडे शिक्षण. म्हणजे गुरू आणि शिष्य एकाच गुरूचे विद्यार्थी झाले. १९६३ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. १९६६ मध्ये त्यांनी पुण्याची प्रयोगशाळा गुरूंकडून हाती घेतली आणि १९७८ पर्यंत सांभाळली. निवृत्तीनंतर हा ऑक्सफर्डचा पदवीधर वळला तो खेड्यांकडे. ग्रामीण भागात विज्ञान-तंत्रज्ञान पोहोचविण्यासाठी त्यांनी पुण्यात संस्था काढली. त्या वर्षांच्या कामाचे उल्लेख कोणत्या सूचीत शोधावेत?

दुसरे डॉ. नित्यानंद. मुंबईत वेंकटरामन यांच्या हाताखाली पीएच.डी., मग लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत आयुष्य. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सेंटक्रोमन’ हे औषध निर्माण झाले. नावातला ‘क्रोमन’ म्हणजे फ्लॅव्होनच्या नात्यातलाच सांगाडा; लाहोरपासूनचा धागा येथे दिसतो. हॉर्मोन नसलेली ही गर्भनिरोधक गोळी १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने आली. २०१६ पासून शासनाच्या कार्यक्रमात ती ‘छाया’ या नावाने समाविष्ट आहे. आशाताईंच्या पिशवीतून ही गोळी ज्या माउलीच्या हाती पडते, तिला वेंकटरामन हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

तिसरे ए. व्ही. रामाराव. पुण्यात वेंकटरामन यांच्याकडे त्यांनी १९६४ मध्ये पीएच.डी. मिळविली. लाखेच्या रंगावर काम करणारा हा तरुण पुढे औषधांकडे वळला. आपल्या अंगणातल्या सदाफुलीत कर्करोगावरील व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात; ती वेगळी काढण्याची पद्धत त्यांनी पुण्यात बसविली. १९८५ मध्ये ते हैदराबादच्या संस्थेचे संचालक झाले. तेथे एड्सवरील झिडोव्हुडिन या औषधाची स्वस्त कृती त्यांनी सिप्लाला दिली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, फक्त कृतीवर होते. त्यामुळे नवी कृती शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या बुद्धीला मोल होते. २००५ च्या दुरुस्तीने ती स्थिती बदलली. पण त्यापूर्वी, २००१ मध्ये, सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा तोच उपचार दहा हजार डॉलरांच्या वर होता. आफ्रिकेतील किती माणसे त्यामुळे वाचली, याचा विचार करावा. कारखान्यासाठी केलेल्या अशा कामाचा बराचसा भाग गोपनीय राहतो. छापलाच जात नाही. जे छापले नाही त्याचा उल्लेख कोण करणार?

आता आपल्या काळाकडे. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध सक्तीचा झाला, २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकन आले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पैसे भरले की आठ दिवसांत निबंध छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. पुण्याच्या विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याची छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो छापला गेला ‘करंट सायन्स’मध्येच. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढली. त्यानंतर पुण्यातूनच चाललेली ‘केअर’ यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि निवड संस्थांवर सोपविण्यात आली. पीएच.डी.पूर्वीच्या निबंधाची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली.

सक्ती उठली, पण सवय उठलेली नाही. आपापसांत उल्लेख करून आकडा फुगविणारी मंडळे आहेत, एका प्रयोगाचे चार तुकडे करून चार निबंध करण्याची रीत आहे. या सगळ्यात खरा तोटा होतो तो लहान गावातून आलेल्या होतकरू विद्यार्थ्याचा. ऐन उमेदीची पाच वर्षे तो संख्या भरण्यात घालवितो, आणि शेवटी मुलाखतीला गेला की निवड समितीला त्या संख्येवर विश्वास नसतो. घरच्यांनी शेताचा तुकडा विकून शिकविलेल्या मुलाच्या वाट्याला हे यावे, याची जबाबदारी त्या मुलावर टाकता येणार नाही. पालकांनी मार्गदर्शकाची निवड करताना ‘सरांचे किती पेपर आहेत’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याबरोबर हेही विचारावे की त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत, काय करीत आहेत, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत झालेला प्रयोग दुसऱ्या कोणी करून पाहिला तर तो जमतो का. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. लाहोरची क्रिया नव्वदहून अधिक वर्षे जगातील प्रयोगशाळांत जमत आली आहे.

साधनांची सबब मात्र आता पूर्वीइतकी चालणार नाही. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. सुमारे १३ हजार नियतकालिके १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना टप्प्याटप्प्याने खुली होऊ लागली. ‘करंट सायन्स’चे जुने अंक तर कोणालाही फुकट वाचता येतात. सभेला आलेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर १९३३ च्या अंकातले महल आणि वेंकटरामन यांचे ते टिपण शोधावे. ते अगदी लहान आहे, वाचायला दहा मिनिटे लागतील.